पाणी साठवून बघितलं होतं का?

दिवाणखान्याच्या छतावर चहाच्या बशीएवढा पिवळट डाग पहिल्यांदा दिसला, तो जानेवारीतला रविवार होता. बाहेर पाऊस लागून राहिला होता, म्हणून आधी वाटलं छप्पर गळतंय. पण त्या जागेच्या वर छप्पर नाहीच, वरच्या मजल्यावरचं बाथरूम आहे. दीड वर्षापूर्वी हौसेनं नवं करून घेतलेलं. बुधवारपर्यंत डाग ताटाएवढा झाला. स्टुलावर चढून बोट लावलं, तर छताचा ड्रायवॉल भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा आत गेला.

त्याच संध्याकाळी वाईला व्हिडिओ कॉल लावला. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली सकाळ. अण्णा, म्हणजे माझे वडील, बांधकाम खात्यात ३१ वर्षं ओव्हरसीअर होते. मी फोन छताकडे फिरवला. त्यांनी चष्मा सारखा केला, डाग नीट बघितला आणि एवढंच विचारलं, 'फरशी बसवायच्या आधी पाणी साठवून बघितलं होतं का?'

मला उत्तर देता येईना. कारण हाच प्रश्न त्यांनी काम चालू असतानाही विचारला होता, आणि तेव्हा मी हसून म्हणालो होतो, 'अण्णा, ही अमेरिका आहे. इथे तसलं काही लागत नाही.'

आज हा लेख लिहितोय तो बाथरूम कसं सजवावं हे सांगायला नाही. परदेशात घर घेतलेली आपण मराठी माणसं घरातलं काम कुणाला देतो, कशाच्या भरवशावर देतो आणि त्यात नेमकं काय पणाला लावतो, याबद्दल मला बोलायचं आहे. माझी चूक उघडी करून बोलतोय. तुमची टळली तर बरं.

आमचं घर कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टमध्ये. बांधलेलं १९७२ सालचं. वरच्या बाथरूममध्ये मूळचा ओतीव लोखंडाचा टब होता. त्याची कड गुडघ्याच्या वर. आईला संधिवात, अण्णांच्या हातात काठी. त्या वर्षी दोघं मे महिन्यात येणार होते. टबात पाय टाकून आत उतरणं दोघांच्याही आवाक्यातलं नव्हतं. म्हणून ठरवलं, टब काढायचा, तिथे उंबऱ्याविना चालत जाता येईल असा शॉवर करायचा, बसायला एक ओटा, हातात धरायचा शॉवर आणि आईची बादली ठेवायला जागा.

माणूस कसा शोधला? जसा आपण सगळेच शोधतो तसा. गणपतीत ओळख झालेल्या एकानं सांगितलं, 'माझ्याकडे एक मिस्त्री आहे, हात फार चांगला, आणि कॅश दिलीस तर निम्म्यात करून देईल.' मी त्याच्या घरी जाऊन काम पाहिलं. टाइल सरळ रेषेत, सांधे एकसारखे. काम होऊन तीन आठवडे झाले होते. नऊ हजार डॉलर ठरले, त्यातले पाच आधी द्यायचे. कागद नाही, लायसन्स विचारलं नाही. परमिटचा विषय मी काढला तेव्हा तो म्हणाला, 'त्या फंदात कशाला पडता? इन्स्पेक्टर येणार, महिना जाणार.' मला मे महिना गाठायचा होता. मी मान डोलावली.

अकरा दिवसांत बाथरूम झालं. दिसायला देखणं. आई-अण्णा आले, पाच महिने राहिले, आईनं फोनवर मावशीला कौतुकानं सांगितलं. मीही मंडळात दोघांना त्या मिस्त्रीचा नंबर दिला. ते आठवलं की अजूनही कसंतरी होतं.

डाग पडल्यावर टाइल काढल्या. त्यांच्यामागे साधा ड्रायवॉल निघाला. झोपायच्या खोलीच्या भिंतीला लावतात तोच. खाली प्लायवूड, त्यावर सिमेंटचा पातळ थर आणि त्यावर फरशी. पाणी अडवणारा थर कुठेच नव्हता. ढाळ म्हणाल तर एका कोपऱ्यात उलटा. लाकडी वाशांना बुरशी लागली होती आणि प्लायवूड हातानं सुटून येत होतं.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण सगळी मेख तिथेच आहे. टाइल आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत. सांध्यांतून थोडं पाणी आत जातंच. ते अडवायचं काम मागच्या आणि खालच्या मेम्ब्रेनचं असतं. ती चादरीसारखी अंथरतात किंवा रंगासारखी लावतात. सिमेंट बोर्ड ओलाव्यानं कुजत नाही, पण तोही आपण होऊन पाणी अडवत नाही, त्याच्यावर मेम्ब्रेन लागतेच. आणि जमिनीला जाळीकडे फुटाला पाव इंच ढाळ हवा. म्हणजे बाथरूममधलं जे खरं काम, ते काम संपल्यावर दिसतच नाही. दिसते ती टाइल. मी टाइल बघून माणूस निवडला होता.

विमा कंपनीला कळवलं. पाईप अचानक फुटला असता तर गोष्ट वेगळी. हळूहळू झिरपलेलं पाणी आमच्या पॉलिसीत बसत नव्हतं. मिस्त्रीला फोन केला, नंबर बंद. ज्यांनी ओळख करून दिली त्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, 'माझं काम तर अजून नीट आहे.' पुढे बोलणार काय? मंडळात रोजचं तोंड बघायचं.

आता थोडं आपल्याबद्दल. आपण काही बेफिकीर लोक नाही. मुलाची शाळा निवडताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. गाडी घेताना इंजिनाचा इतिहास काढतो. माझ्यासारखी सॉफ्टवेअरमधली माणसं तर तपासल्याशिवाय एक ओळ पुढे जाऊ देत नाहीत. मग घराच्या कामाला हात घातला की हे सगळं कुठे जातं?

मला वाटतं, आपण गावाकडची रीत इथे आणतो, पण तिच्यामागची व्यवस्था तिथेच राहते. वाईत अण्णांनी घर बांधलं तेव्हा गवंड्याबरोबर कुठला करार केला होता? काहीच नाही. पण तो गवंडी चार गल्ल्या सोडून राहायचा. त्याचा भाऊ अण्णांबरोबर शाळेत होता. काम बिघडलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ पडली असती, आणि पुढची दहा कामं त्याच्या हातून गेली असती. ओळखीच्या पाठीमागे सगळं गाव उभं होतं. फ्रीमॉन्टमध्ये माझ्या ओळखीच्या पाठीमागे काय होतं? एक फोन नंबर. तोही बंद पडला.

इथे गावाचं ते काम कागद करतो. लायसन्स, करार, परमिट, विमा. या चार गोष्टी म्हणजे सरकारी कटकट असं मी समजत होतो. खरं तर अनोळखी माणसाच्या हाती घर देताना आपल्याला मिळालेली ती जामीनकी आहे. ओळख जरूर काढा, माझा तिला विरोध नाही. ओळखीनं चार नावं कळतात. पण नाव कळल्यावर काम सुरू होतं, संपत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही काय केलं ते सांगतो. आकडे कॅलिफोर्नियाचे आहेत, तुमच्या राज्यात वेगळे असतील.

कंत्राटदारांना लायसन्स देणारं राज्याचं मंडळ आहे, कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड. त्यांच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की लायसन्स चालू आहे का, कुठल्या वर्गाचं आहे, बॉण्ड आहे का, कामगारांचा विमा आहे का, सगळं दोन मिनिटांत दिसतं. बाथरूमसारख्या अनेक कामं एकत्र येणाऱ्या कामाला सहसा 'बी' वर्गाचा जनरल कंत्राटदार लागतो. नुसतं प्लंबिंग असेल तर सी-३६, विजेचं सी-१०, टाइलचं सी-५४. नंबर बघितल्यावर समोरच्या माणसाचं ओळखपत्रही बघा. दुसऱ्याच्या नंबरावर काम घेणारे असतात.

बॉण्ड २५,००० डॉलरचा असतो. मात्र तो काही तुमच्या एकट्याच्या घराचा विमा नव्हे. त्या कंत्राटदाराविरुद्ध दावे करणाऱ्या सगळ्यांना मिळून तेवढेच. म्हणून बॉण्ड आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. नसेल तर मात्र दारातूनच परत पाठवा.

आगाऊ रक्कम. हे मला माहीत असतं तर पहिल्याच दिवशी सावध झालो असतो. कॅलिफोर्नियात घराच्या कामासाठी कंत्राटदारानं आगाऊ घ्यायची मर्यादा आहे : एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. जादा बॉण्ड भरलेले काही मोजके कंत्राटदार सोडले, तर सगळ्यांना ही मर्यादा लागू आहे. पुढचे हप्तेही झालेल्या कामापेक्षा जास्त घेता येत नाहीत. नऊ हजारांतले पाच हजार आधी मागणारा माणूस मला त्याच क्षणी सगळं सांगून चुकला होता. मला ऐकू आलं नाही, एवढंच.

पाचशे डॉलरच्या वरच्या कामाचा करार लेखी हवा. घरी बसून सह्या केल्या असतील, तर कामकाजाच्या तीन दिवसांत तो रद्द करता येतो, आणि मालक ६५ वर्षं किंवा त्याहून मोठा असेल तर पाच दिवसांत.

आम्ही तीन जणांकडून अंदाज मागवले. पहिला २४,००० डॉलरचा. एका पानावर एक ओळ : बाथरूम रिमॉडेल, लेबर आणि मटेरियल. दुसरा ३१,००० चा, चार पानांचा. तिसरा ३९,००० चा, चकचकीत शोरूमवाल्यांचा. माझं मन आधी पहिल्याकडेच धावलं, खोटं कशाला बोलू. बायको म्हणाली, 'तू त्याला वॉटरप्रूफिंगचं विचार.' तो म्हणाला, ते तर करतोच. मग लिहून द्या म्हटलं. लिहून देताना दोन हजार वाढले. परमिटची फी वेगळी, जुना माल उचलून न्यायचे वेगळे, पंखा वेगळा. बेरीज केली तर २९,००० च्या घरात गेली. म्हणजे स्वस्त अंदाज स्वस्त नव्हता, अर्धवट होता.

दुसऱ्याला दिलं. त्याच्या चार पानांत काय होतं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल. कुठल्या कंपनीची मेम्ब्रेन आणि ती भिंतीवर किती उंचीपर्यंत. शॉवरचा व्हॉल्व्ह कुठल्या मॉडेलचा. टाइलसाठी चौरस फुटाला किती रुपये धरलेत, चुकलो, किती डॉलर. सवय जात नाही. परमिट कोण काढणार, तर कंत्राटदारच काढणार. काम कधी सुरू, कधी संपणार. आणि शेवटी, करारात नसलेलं काही निघालं तर काम करण्याआधी त्याची किंमत लिहून दोघांच्या सह्या. आमच्याकडे कुजलेलं प्लायवूड आणि दोन वासे बदलावे लागले, १,४०० डॉलर. कागद झाला, सही झाली, वाद झाला नाही.

परमिटबद्दल एक धोक्याची सूचना. कंत्राटदार जर म्हणाला, 'परमिट तुमच्याच नावानं काढा, स्वस्त पडेल,' तर थांबा. मग कागदोपत्री बांधणारे तुम्ही होता, आणि जबाबदारीही तुमच्यावर येते. हे सहसा तोच सांगतो ज्याच्याकडे लायसन्स नसतं.

आणखी एक. पूर्वीचं काम बघायला मागाल तेव्हा मागच्या महिन्यातलं नको, दोन-तीन वर्षांपूर्वीचं मागा. नवं बाथरूम सगळ्यांचंच छान दिसतं. पाण्याला वेळ द्यावा लागतो.

घर १९७८ च्या आधीचं असेल, तर जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि अशा घरात मोबदला घेऊन तोडफोड करणाऱ्याकडे केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या फरशीत आणि तिच्या गोंदात ॲस्बेस्टॉसही सापडतो. आमच्याकडे नमुना तपासायला पाठवला, सुदैवानं काही निघालं नाही. पहिल्या वेळी तीच भिंत आणि तीच फरशी हातोड्यानं फोडली होती, धूळ घरभर, आणि शेजारच्या खोलीत माझी मुलगी गृहपाठ करत बसली होती. तिच्या श्वासात काय गेलं हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

परमिट काढलं की इन्स्पेक्टर येतो. मला वाटायचं, चुका काढून अडवायला येतो. आमच्याकडे तीनदा आला. भिंती उघड्या असताना पाईप आणि वायरिंग बघून गेला. बाथरूममधल्या प्लगला जीएफसीआय आहे का बघितलं. ओल्या हातानं धक्का बसलाच, तर तो जीवघेणा होण्याआत वीज तोडतो. पंखा हवा घराबाहेर सोडतोय की नुसती माळ्यावर, तेही पाहिलं. शेवटच्या फेरीत, बाथरूमशी काहीच संबंध नसताना, घरातले धुराचे अलार्म तपासले. दोन जुने झाले होते, बदलायला लावले. वैतागलो, पण रात्री मुलांच्या खोलीत नवा अलार्म लावताना मनात म्हटलं, हे माझं मला कधी सुचलं असतं?

आणि मधल्या फेरीत तो शॉवरची जमीन बघायला आला. टाइल लावायच्या आधी, जाळीचं तोंड रबरी बूच लावून बंद केलेलं, आणि मेम्ब्रेनवर कडेपर्यंत पाणी भरून ठेवलेलं. कंत्राटदारानं आदल्या दिवशी भरलं होतं. चोवीस तास. पेन्सिलीनं पातळीची खूण केलेली. पातळी तिथेच होती, खालचं छत कोरडं.

मी तिथेच उभा राहून अण्णांना फोटो पाठवला. तिकडे रात्रीचे दोन वाजले होते. सकाळी उत्तर आलं, 'आम्ही ४८ ठेवायचो. पण ठीक आहे.'

काही जणांना परमिट काढलं की घरपट्टी वाढेल अशी भीती असते. कॅलिफोर्नियात आहे तेच बाथरूम दुरुस्त केलं तर सहसा तसं होत नाही, नवं बाथरूम वाढवलं तर त्याचं मूल्य धरतात. उलट घर विकताना बिनपरमिटचं काम विचारलं जातं आणि सांगावंही लागतं.

कामाच्या तिसऱ्या आठवड्यात टाइलच्या दुकानाची रजिस्टर्ड नोटीस आली. आमच्या घराचा पत्ता, वर 'लीन' असा शब्द. माझ्या पोटात गोळा आला. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून सांगतो. तुम्ही कंत्राटदाराला पैसे दिलेत, पण त्यानं टाइलवाल्याला किंवा प्लंबरला दिले नाहीत, तर तो टाइलवाला तुमच्या घरावर बोजा नोंदवू शकतो. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसाच, इथे कौंटीच्या दप्तरी. म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे मोजायची पाळी येऊ शकते. आलेली नोटीस ही फक्त आगाऊ सूचना होती : आम्ही या घराला माल दिलाय, लक्षात असू द्या. ती येणं वाईट नाही, उलट आपल्या कामात कोण कोण आहे ते कळतं. अशा नोटिशी जपून ठेवायच्या, आणि प्रत्येक हप्ता देताना त्या त्या माणसाकडून हक्क सोडल्याचा कागद घ्यायचा. त्याचा नमुना कायद्यानंच ठरवून दिलेला आहे. शेवटचा हप्ता हे सगळे कागद हातात आल्यावर आणि इन्स्पेक्टरची शेवटची सही झाल्यावरच दिला. कंत्राटदारानं वाईट वाटून घेतलं नाही. उलट म्हणाला, 'सगळ्यांनी असं केलं तर माझंच काम सोपं होईल.'

आता एका गोष्टीवर मला जास्त बोलायचं आहे, कारण ती पैशाची नाही.

पहिल्या वेळी तो लोखंडी टब जिन्यावरून खाली नेत होते. तीनशे पौंडांच्या आसपास वजन. मिस्त्री खालच्या बाजूला, त्याचा विशीतला मदतनीस वर. मधल्या पायरीवर त्या पोराचा पाय घसरला. टब भिंतीला घासून थांबला, भिंतीला खोक पडली, पोरगा कठड्याला धरून बसला. मी कॉफी घेऊन खाली उभा होतो. तेव्हा मला भिंतीचं वाईट वाटलं.

त्या दोघांचाही विमा नव्हता. ज्याच्याकडे लायसन्स आणि कामगारांचा विमा नाही अशाला आपण काम दिलं आणि त्याचा माणूस जखमी झाला, तर कायदा आपल्यालाच त्याचा मालक धरू शकतो. हे मला नंतर कळलं. पण कायदा बाजूला ठेवू. त्या पोराच्या पायावर टब पडला असता, तर त्याच्या औषधपाण्याचं काय झालं असतं? नऊ हजारांत जे 'निम्म्यात' झालं, ती निम्मी रक्कम कुठून वाचली होती? थोडी मेम्ब्रेनमधून, थोडी परमिटमधून, आणि बरीचशी त्या दोघांच्या जिवाच्या हमीतून. आपणही परमुलखात येऊन, व्हिसाच्या तारखा मोजत, कुणाच्या तरी कागदावर अवलंबून दिवस काढलेत. दुसऱ्या परक्या माणसाचं बिनकागदाचं असणं आपल्या स्वस्ताईसाठी वापरू नये, असं मला वाटतं. मी वापरलं होतं.

म्हणून त्या मिस्त्रीला मी आता शिव्या देत नाही. टाइल लावायचा त्याचा हात खरंच चांगला होता. त्याला जे येत नव्हतं ते मी विचारलं नाही, आणि विचारायला लागू नये म्हणूनच कॅश दिली. कायद्यानं बिनलायसन्सच्या कंत्राटदाराकडून दिलेले पैसे परत मागता येतात. स्मॉल क्लेम्स कोर्टात १२,५०० डॉलरपर्यंत वकिलाशिवाय दावा लावता येतो. मी लावला नाही. माणूस सापडत नव्हता हे एक, आणि निम्मी चूक माझी होती हे दुसरं.

तुम्ही म्हणाल, ३१ हजार सगळ्यांच्या खिशात कुठे असतात? बरोबर आहे. आमच्याही नव्हते, वर्षभर थांबून साठवले. त्या उन्हाळ्यात आई-अण्णांना येऊ नका म्हणावं लागलं. खालच्या मजल्यावर अंघोळीची सोय नाही, आणि आमच्या खोलीला जोडलेल्या दुसऱ्या बाथरूमला तसलाच टब. या वयात एक वर्ष वाया गेलं की त्याचा हिशेब डॉलरमध्ये होत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच की पैसे कमी असतील तर काम कमी करा, पण करायचं ते नीट करा. टब काढणं परवडत नसेल तर टबावर आडवी बसणारी बैठक, हातात धरायचा शॉवर आणि भिंतीत पक्की बसवलेली धरायची दांडी, एवढ्यानंही म्हाताऱ्या माणसाची अंघोळ सुखाची होते. कॅलिफोर्नियात २०२५ पासून १,००० डॉलरच्या आतलं, परमिट न लागणारं काम एकटा हँडीमन लायसन्सशिवायही करू शकतो. फक्त दांडी टाइलला नाही, आतल्या लाकडाला स्क्रूनं बसली पाहिजे. मोठं काम करणार असाल तर भिंती उघड्या असतानाच ३३ ते ३६ इंचांवर आडवं लाकूड घालून घ्या. दांडी आज नको असली तरी. लाकडाला फार खर्च नाही, पुढे टाइल फोडायला आहे.

बाकीच्या ठिकाणी राहणाऱ्यांनीही आपापले नियम काढून बघावेत. न्यू जर्सीत घराची दुरुस्ती करणाऱ्या कंत्राटदाराची राज्याकडे नोंदणी लागते. टेक्सासमध्ये जनरल कंत्राटदाराला राज्याचं लायसन्स नाही, पण प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनला आहे, तेव्हा तिथे त्यांचे नंबर बघायचे. इंग्लंडमध्ये बाथरूममधली विजेची बरीच कामं 'पार्ट पी' नियमात येतात आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं, ते मागून घ्या. आणि पुण्या-मुंबईत आई-वडिलांच्या फ्लॅटचं बाथरूम इथून फोनवर करून घेणाऱ्यांना तर वेगळं सांगायला नको. तिथली ओल खालच्या शेजाऱ्याच्या छतावर उतरते आणि भांडण सोसायटीच्या सभेत. तिथेही टाइलचा रंग ठरवायच्या आधी पाणी साठवायला लावा, आणि खालच्या घरात जाऊन कुणाला तरी छत बघायला सांगा.

गेल्या जूनमध्ये आई-अण्णा आले. सामान दिवाणखान्यात ठेवून अण्णा आधी वर गेले. काठी बाहेर टेकवली, दांडीला धरून शॉवरमध्ये शिरले, खाली वाकून फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते जाळीकडे कसं जातं ते बघत उभे राहिले. कोपऱ्यात कुठे थांबलं नाही. मग म्हणाले, 'कागद कुठेत?'

मी फाइल आणून दिली. करार, परमिट, इन्स्पेक्टरच्या सह्या, हक्क सोडल्याचे कागद, पाणी भरलेला फोटो. आईची बादली भरेपर्यंत ते पलंगावर बसून एकेक पान उलटत होते. बत्तीस पानं होती. शेवटी फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, 'ही नीट ठेव. घर विकशील तेव्हा लागेल.'